कुत्र्याच्या वर्षाचं कार्ड

त्सुबोई तोमोएने आयुष्यात काय काय गायलं ते विचारत बसू नका, दिवस मावळेल. पंचवीस वर्षं काय गायलं नाही ते विचारा. एकच गाणं. आणि नेमकं तेच तिचं स्वतःचं होतं.

ही आमच्या हिमी बंदरातली पोर. बाप मासेमारीच्या बोटीवर आचारी. पंधराव्या वर्षी तोक्योच्या एका कंपनीने तिला उचलून नेलं आणि चार मुलींच्या चमूत उभी केली. गुलाबी झगा, केसांत फीत, नाव ठेवलं रिरी. चार वर्षं ती टीव्हीवर उड्या मारत होती. मग चमू मोडला. रिरी हे नाव कंपनीने ठेवून घेतलं, कारण आमच्याकडे या धंद्यात नाव हे भाड्याच्या घरासारखं असतं, निघताना किल्ली परत द्यावी लागते. पुढची तीन वर्षं ती सुपरमार्केटच्या दारात उभी राहून मुळे स्वस्त झाल्याचं गाऊन सांगत होती. तेही मन लावून. तिच्या गाण्यावर लोकांनी मुळे घेतले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाविसाव्या वर्षी ती ओरिकासा गेन्झो गुरुजींच्या दारात जाऊन उभी राहिली. गुरुजी म्हणजे एन्काचे, आमच्याकडच्या त्या जुन्या रडव्या गाण्यांचे, बादशहा. बंदर, बर्फ, सोडून गेलेला नवरा आणि उरलेली दारू, एवढ्या भांडवलावर त्यांनी सहाशे गाणी लिहिली आणि चालीही स्वतःच लावल्या. स्वभाव मात्र असा की मांजरसुद्धा त्यांच्या खोलीत पाय न वाजवता जायचं. पहिली दोन वर्षं त्यांनी तिला गाऊ दिलं नाही. फरशी पूस, चपला लाव, माईंच्या हाताखाली भाजी चीर. माई म्हणजे गुरुजींची बायको, तिच्यामुळे ते घर टिकून होतं. तिसऱ्या वर्षी गुरुजींनी एक दिवस तिला समोर बसवलं, आपलं आडनाव दिलं, नाव ठेवलं ओरिकासा नामी, आणि खास तिच्यासाठी बांधलेलं गाणं पुढ्यात टाकलं.

गाण्याचं नाव 'वाऱ्याकडे पाठ'. एक बाई धक्क्यावर उभी आहे, बोट परत आलेली नाही. डोळ्यांत पाणी येतंय. वाऱ्यामुळे आलं, असं म्हणायची पळवाट राहू नये म्हणून ती मुद्दाम वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते. बस, एवढंच गाणं.

तेव्हा ते चाललं नाही. तबकड्या दुकानात धूळ खात पडल्या. तोमोए गावोगावी फिरली, गरम झऱ्यांच्या हॉटेलांत जेवणाऱ्या लोकांसमोर गायली. लोक खेकड्याचे पाय फोडत होते, ही गात होती. आणि एकोणतिसाव्या वर्षी तबकडीवाल्या कंपनीने तिला टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात पाठवलं. तिथे काय करायचंय ते कुणी आधी सांगितलं नाही. कढत पाण्याचा टब मधोमध ठेवलेला. त्यात बसून गाणं म्हणायचं, तोंड वाकडं न करता. ती किमोनोसकट बसली आणि 'वाऱ्याकडे पाठ' अख्खं गायली. एक सूर ढळू दिला नाही. शेजारी दोन विदूषक पोट धरून लोळत होते आणि अख्खा देश हसत होता.

गुरुजींनी तो कार्यक्रम पाहिला. दुसऱ्याच दिवशी दोनशे कार्डं टपालात पडली. धंद्यातल्या प्रत्येकाला एक, तिलाही एक. 'ओरिकासा नामी हिचा या घराशी यापुढे काही संबंध नाही.' खाली सही. झालं. नाव गेलं, घर गेलं, आणि शिष्यपणाच्या रीतीप्रमाणे गाणंही गेलं.

आता खरी गंमत ऐका. पाच-सहा वर्षांनी कुणास ठाऊक कसं, ते गाणं कराओकेत चालायला लागलं. मग जे उठलं ते थांबेचना. ऑफिसातले साहेब गाऊ लागले, न्हाव्याच्या बायका गाऊ लागल्या, आमच्या मासळी संघाच्या वर्षअखेरच्या जेवणात तर ते तीनदा व्हायचं. ज्याला सरगमीतला एक सूर लागत नाही तोसुद्धा डोळे मिटून वाऱ्याकडे पाठ करायचा. कुणालाही मोकळीक होती, एकट्या तोमोएला नव्हती. म्हणजे कायद्याने तिलाही होती हो, कोणी पोलीस येणार नव्हता. पण घरातून काढलेल्या शिष्याने गुरूचं गाणं तोंडात घ्यायचं नाही, हे तिच्या हाडांत मुरलेलं. कुणी ते सुरू केलं की ती हळूच उठायची आणि चहाचं पाणी ठेवायला जायची.

पोटासाठी तिने बाकी सगळं केलं. व्यंगचित्रपटातल्या बेडकाचा आवाज दिला. एका बँकेच्या यंत्राला 'कार्ड काढून घ्या' म्हणायला शिकवलं. आणि तेहेतिसाव्या वर्षी न्हाणीघरातल्या बंबात जाऊन बसली. म्हणजे तिचा आवाज. पाणी हवं तेवढं तापलं की स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ती पांढरी डबी बोलते ना, 'अंघोळीचं पाणी तापलं आहे', ती तोमोए. लाखो घरांत रोज संध्याकाळी तीच बोलते आणि कुणाला तिचं नाव ठाऊक नाही. गरम पाण्याने काही तिची पाठ सोडली नाही.

छत्तिसाव्या वर्षी बाप गेला, तेव्हा ती हिमीला परत आली ती कायमची. मासळी संघाच्या कचेरीत पावत्या फाडू लागली. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जिन्यावरून पडून पाय मोडला. दोन महिने घरात. कंटाळून तिने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं गायला बसली. पहिल्या दिवशी सात जणं आली. त्यात तिची एक मावशी दोन फोनांवरून.

आता मात्र रोज सकाळी दहाच्या ठोक्याला चार-साडेचार हजार माणूस गोळा होतं. ट्रकवाले, दवाखान्यात पडलेले, कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाया, निवृत्त म्हातारे. ती मोजे शिवता शिवता गाते, मधेच कुणाला नाश्ता केलास का म्हणून दटावते. फर्माईश आली तर रिरीचं गाणं गाते, बेडूक होते, मुळे विकते, बंबासारखं बोलूनही दाखवते. त्या पहिल्या वेळी तर अर्ध्या लोकांनी लिहिलं की आम्ही उठून न्हाणीघरात बघून आलो. सगळं करते. फक्त ते एक गाणं कुणी मागितलं की म्हणते, "दुसरं सांगा."

यंदा तिच्या गाण्याला चाळीस वर्षं होत आली. गावाने ठरवलं, आपल्या सभागृहात तिचा एकटीचा कार्यक्रम करायचा, तेवीस नोव्हेंबरला दुपारी दोनला. चारशे बारा खुर्च्या एका सकाळीत संपल्या. उरलेल्यांनी आपापल्या फोनवर बघायचं ठरलं. सगळे खुश, आणि तोमोएची मात्र झोप उडाली. तिला त्या दिवशी तेच गाणं गायचं होतं. उघड्या तोंडाने, गुरूच्या परवानगीने, एकदाच. गुरुजी अठ्ठ्याऐंशीचे. घराबाहेर पडत नाहीत असं कानावर येई. ज्याने काढलं त्यानेच परत घ्यायचं असतं, दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. ते गेले की गाठ कायमची बसली. तिने त्यांना सात पत्रं लिहिली होती आणि सातही फाडली. काढून टाकलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने लिहायचं?

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी सकाळी कुणी नवखा आला. त्याने लिहिलं, 'वाऱ्याकडे पाठ म्हणा की.' नेहमीचे लोक त्याच्यावर तुटून पडले, इथे ते मागायचं नसतं, कळत नाही का. त्याने निष्पापपणे विचारलं, 'पण का?' आणि तोमोएच्या हातातली सुई थांबली. पंचवीस वर्षांत हा प्रश्न तिला तोंडावर कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे असलं विचारत नाहीत. तिने मोजा बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं. टब, विदूषक, दोनशे कार्डं, सगळं. रडली नाही. एखाद्या शेजारणीची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

मग पडद्यावर 'जुनी पिपाणी' या नावाने वाक्य उमटलं. हा तिचा रोजचा माणूस, सूर वर गेला की टाळ्या लिहिणारा.

'अगं, ते तर गुरुजींनी केव्हाच मागे घेतलं.'

तोमोए हसली. म्हणाली, सकाळी सकाळी कुणाची चढवून आलात. जुनी पिपाणीने लिहिलं की थांब, आणि ते गायब झाले. वीस मिनिटं ती दुसरी गाणी गात राहिली, पण तिचं लक्ष नव्हतं, दोनदा शब्द चुकली. मग त्यांनी फोटो पाठवला. नव्या वर्षाचं कार्ड, अठरा वर्षांपूर्वीचं, कुत्र्याच्या वर्षाचं (आमच्याकडे बारा वर्षांना बारा प्राणी वाटून दिलेत), कोपऱ्यात कुत्र्याचं पिल्लू. अशी कार्डं लोक त्यांवर छापलेल्या सोडतीच्या आकड्यांसाठी जपतात आणि मग तशीच गठ्ठ्याने कपाटात राहतात, ते बरं झालं म्हणायचं. गुरुजींचं अक्षर तिने लांबून ओळखलं. 'नव्या वर्षाच्या शुभेच्छा. या वर्षापासून ओरिकासा नामी पुन्हा आमच्या घरची आहे. लोभ असावा.'

तिला वाचता येईना. डोळे पुसून परत वाचलं. एवढ्यात आणखी कुणी लिहिलं, 'माझ्याकडेही आहे.' मग तिसरं. तिसरी बाई एकेकाळी रेडिओ स्टेशनात निवेदिका होती. सगळ्या धंद्याला ठाऊक होतं. अठरा वर्षं. फक्त जिच्याबद्दल होतं तिला सोडून.

"तुम्ही कोण?" तिने जुनी पिपाणीला विचारलं.

सेगावा, त्यांनी लिहिलं. ट्रॉम्बोन वाजवायचे, तिच्या पहिल्या रेकॉर्डिंगला तेच होते. या अठरा वर्षांत तीनदा तिला भेटले होते, दोन लग्नांत आणि एका श्राद्धाला. शेजारी बसून जेवले होते.

"मग तेव्हा का नाही बोललात, सेगावाबुवा?"

'तुझ्या तोंडावर तो विषय काढणं बरं दिसलं असतं का? वाटलं, तुला माहीत असणारच. वाटलं, तूच राग धरून बसली आहेस.'

"आणि आज कसं बोललात?"

'आज मी सेगावा कुठे आहे? आज मी जुनी पिपाणी आहे.'

तोमोए उठली आणि खाली गेली. फोन बंद करायचं राहिलं. तासभर पडद्यावर नुसती तिची चौकोनी बैठक आणि अर्धा शिवलेला मोजा दिसत होता. चार हजार माणसं त्या मोज्याकडे बघत बसली, एकही हललं नाही. खालून नळ सोडल्याचा आवाज येत होता, आणि नळाच्या आवाजात लपेल असं तिला वाटलेलं रडणं त्या सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

रडता रडताच तिला उलगडलं. कुत्र्याच्या वर्षाच्या आधीचा नोव्हेंबर, तेव्हाच बाप गेला होता. घरात सुतक असलं की आधी सगळ्यांना कळवायचं, यंदा आमच्याकडे शुभेच्छा नकोत. तिने कळवलं होतं. ओळखीच्या सगळ्यांनी ते पाळलं, त्या जानेवारीत तिच्या पेटीत एक कार्ड पडलं नाही. अख्ख्या जपानात त्या वर्षी ते कार्ड ज्या एकाच बाईला पाठवणं असभ्यपणाचं ठरलं असतं, ती हीच. मला विचाराल तर असली चूक करायला माणसं अगदी सज्जनच लागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती तोक्योला निघाली. बरोबर योकानचा खोका, त्या लाल चवळीच्या गोड वड्या. माफी मागायला जाताना खोका हाताला जड लागला पाहिजे, म्हणून तिने तीन थरांचा घेतला. गुरुजींच्या गल्लीच्या टोकाला पोचली आणि थांबली. वीस पावलांवर दार. ती टोफूवाल्याच्या दुकानाशी उभी राहिली. टोफूवाल्याने दोनदा काय हवं म्हणून विचारलं, शेवटी लाजेखातर तिने एक टोफू विकत घेतला आणि एका हातात खोका, दुसऱ्या हातात टोफू अशी दारात गेली.

दार गुरुजींनीच उघडलं. सुकून गेलेले, पण नजर तीच. तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"टोफू कशाला?"

ती म्हणाली, रात्रीच्या जेवणाला होईल. ते वळून आत गेले. दार लावलं नाही, म्हणजे आत ये. ती आली, चपला नीट लावल्या, जुन्या सवयीने त्यांच्याही लावल्या, आणि माईंच्या तसबिरीपुढे खोका ठेवून कपाळ जमिनीला टेकवलं. माई त्याच कुत्र्याच्या वर्षी मार्चमध्ये गेल्या होत्या. मग वळून गुरुजींपुढे तसंच कपाळ टेकवलं आणि सगळं सांगितलं. कार्ड मिळालं नाही, बापाचं सुतक होतं, कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं. एकदाही वर पाहिलं नाही.

गुरुजी उठले आणि माईंच्या शिवणाच्या पेटीतून एक कार्ड काढून तिच्यापुढे टाकलं. त्यावर तिचा हिमीचा पत्ता, माईंच्या अक्षरात. तिकीट लावलेलं. कोपऱ्यात पिल्लू. सुतकाचं कुणाकडून तरी कळल्यावर माईंनी ते बाजूला काढून ठेवलं होतं. सात जानेवारीला शुभेच्छांचे दिवस संपले की थंडीची विचारपूस करणारं पत्र पाठवून त्यात लिहू, असा त्यांचा बेत असणार. दहाला त्यांना दवाखान्यात नेलं. गुरुजींना ही पेटी उघडायला दोन वर्षं लागली, आणि तोवर त्यांचं डोकं दुसऱ्याच गोष्टीने फिरलेलं होतं.

"कार्डाचं राहू दे," ते म्हणाले. "टपाल चुकतं. पण ही गेली तेव्हा तू आली नाहीस. तिने तुला भाजी चिरायला शिकवलं, आणि तू अगरबत्ती लावायला आली नाहीस. ते मी विसरलो नाही."

तोमोएने मान वर केली. पहिल्यांदाच.

"आले होते, गुरुजी. काढलेल्या माणसाने आत कसं यायचं? त्या समोरच्या टोफूवाल्यापाशी उभी होते. सकाळी नऊपासून गाडी निघेपर्यंत."

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून ते दुकान दिसत होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो माणूस, ज्याच्यापुढे मांजर पाय वाजवत नसे, त्याने बाहीने नाक पुसलं आणि खेकसला, "मूर्ख आहेस तू. मीही आहे. दोन मूर्खांनी मिळून अठरा वर्षं घालवली."

मग तिने विचारलं, गुरुजी, सात वर्षांनी तुम्ही मागे का घेतलंत? मी तर काहीच केलं नव्हतं. त्यावर गुरुजींनी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे ती पांढरी डबी होती. त्या वर्षी त्यांनी नवा बंब बसवला होता, आणि पहिल्याच संध्याकाळी भिंतीतून नामी बोलली. ते तडक उठून उभे राहिले होते. म्हणाले, तीन वर्षं मी तुझ्या मागे लागलो होतो, शब्द ठेव, ढकलू नकोस. गाताना तू ढकलायचीस. आणि इथे तू 'अंघोळीचं पाणी तापलं आहे' हे असं ठेवलंस की मी हिला हाक मारली, ये, ऐक, पोरीला जमलं. त्याच आठवड्यात कार्डं छापायला टाकली. नंतर राग आला तेव्हा बंब काढून टाकावासा वाटला, पण अंघोळ तर करायलाच हवी.

तोमोए हसत होती आणि रडत होती, आणि तिला दोन्ही थांबवता येत नव्हतं.

"तेवीस नोव्हेंबरला मी ते गाणं गाऊ?" तिने विचारलं.

"गाऊन दाखव. मग बघू."

पंचवीस वर्षांनी तिने त्या गाण्यासाठी तोंड उघडलं. तिसऱ्या ओळीला गुरुजींनी चटईवर हात आपटला. पुन्हा. परत तिसरी ओळ, परत हात. दुपार सरली, टोफू संपला, खोक्याचा पहिला थर संपला. अकराव्या वेळी हात आपटला गेला नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं.

"सूत्रसंचालन कोण करणार?" गुरुजींनी विचारलं.

तिने सांगितलं, आमच्या गावचा एक रेडिओवाला आहे, बरा बोलतो.

"म्हणजे माती करणार," गुरुजी म्हणाले. "गाडीचं तिकीट काढ. गुडघे दुखतात, खिडकीची जागा बघ."

तेवीस नोव्हेंबरला आमच्या हिमीत वारा असा सुटला होता की सभागृहाचं दार दोघांनी धरून उघडावं लागत होतं. चारशे बारा खुर्च्या भरल्या. मागे उभे राहायलाही परवानगी नव्हती तरी शंभर उभे होते, त्यात मी होतो. आपापल्या फोनवर किती होते म्हणता? एक लाख तीस हजार. तीन जुन्या कार्डांची ती सकाळ कुणी कुणी एकमेकांना दाखवली होती आणि ज्यांना तोमोए कोण हे माहीत नव्हतं तेही आले होते. एकाने लिहिलं, मी नागोयाच्या रस्त्यावर ट्रक बाजूला लावलाय. दवाखान्यातल्या एका बाईने लिहिलं, आमच्या अख्ख्या वॉर्डाने इंजेक्शन पुढे ढकलायला लावलंय.

ती रिरी झाली, उड्या मारल्या, चौपन्नाव्या वर्षी गुडघा धरून थांबली आणि लोक लोळले. मुळे विकले. बेडूक झाली. दीड तास तिने सभागृहाला एक क्षण बसू दिलं नाही. मग दिवे मंद झाले आणि ती साध्या निळ्या किमोनोत मधोमध येऊन उभी राहिली. वादकांनी सुरुवातीचे सूर धरले. सेगावाबुवा सत्त्याहत्तराव्या वर्षी ट्रॉम्बोन घेऊन बसले होते, आज स्वतःच्या नावाने.

आमच्याकडे त्या सुरांवर कुणीतरी दोन शब्द बोलून गाणाऱ्याला पुढे करतं. रेडिओवाला नव्हता. पडद्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवरून गुरुजी उठले आणि काठी न घेता चार पावलं उजेडात आले. आवाज म्हातारा होता, पण शब्द असे ठेवले की शेवटच्या रांगेत येऊन बसले.

"उत्तरेचा समुद्र. न परतलेली बोट. दोष वाऱ्याला देऊ नका, दोष माझा आहे. हे गाणं जिचं होतं तिला मी ते पंचवीस वर्षं गाऊ दिलं नाही. ऐका. आमच्या घरची ओरिकासा नामी."

आणि ती गायली.

मी ते गाणं हजारदा ऐकलंय, प्यायलेलं, सर्दी झालेलं, बेसूर. मला वाटायचं मला ते पाठ आहे. त्या दुपारी कळलं की मी ते ऐकलंच नव्हतं. तिने एकही शब्द ढकलला नाही. प्रत्येक शब्द ठेवला आणि तिथेच राहू दिला. माझ्या पुढचा मासळी संघाचा चेअरमन, ज्याने लिलावात बापालाही सूट दिली नसती, तो उघड्यावर रडत होता. शेवटचा सूर संपला आणि टाळी जी वाजली ती थांबेना. लोक खुर्च्यांवर चढले. "नामी" म्हणून ओरडू लागले, पंचवीस वर्षांत कुणी न उच्चारलेलं नाव. ती नमस्कार करून आत गेली, त्यांनी परत बाहेर आणली, परत गेली, परत आणली. पाच वेळा. तिचा चेहरा असा उजळला होता की तिच्या चौपन्नापैकी तीस वर्षं तरी कुठेतरी गळून पडली होती.

सहाव्यांदा ती पडद्याआड गेली तेव्हा मी आत पोचलो होतो, फुलं द्यायला. गुरुजी खुर्चीवर काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. बाहेर सभागृह दणाणत होतं. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज तोच होता.

"दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतलास."

"हो, गुरुजी."

"मंगळवारी ये."

तिने कपाळ जमिनीला टेकवलं आणि बराच वेळ वर उचललंच नाही. जगात त्या दिवशी तिच्याइतकं सुखी दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या मंगळवारी दहाच्या ठोक्याला माणसं गोळा झाली. आता चार हजार नव्हे, साठ हजार. पडद्यावर तोमोए नव्हती. तिच्या ठळक अक्षरातला एक कागद तेवढा लावलेला होता: 'आज गाणं नाही. शिकवणीला गेले आहे.'